७ मिनिटांचा ट्रॅक आणि २ मिनिटांचं ऐकणं

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी दीड वर्षापासून इंडिपेंडंट म्युझिशियन्सच्या नवीन सिंगल्सचे रिव्ह्यू लिहितो, दर आठवड्याला ५. माझे कान रॉकवर तयार झालेत पण माझ्याकडे येतं सगळंच, रॅप, मेटल, फोक, अँबियंट, डान्स म्युझिक. दोन महिन्यांपूर्वी एका संथ, शांत अँबियंट ट्रॅकबद्दल मी लिहिलं की ७ मिनिटांत काहीच घडत नाही. ज्याने तो बनवला त्याचा मेसेज आला, रागावलेला अजिबात नव्हता, फक्त एवढंच विचारलं होतं की तुम्ही शेवटपर्यंत ऐकलात का. मी नव्हता ऐकला. २ मिनिटांनी बंद केला होता. तेव्हापासून मला कोणाबद्दलच काही वाईट लिहवत नाही, सगळी गाणी छान, सगळे आवाज सुंदर. वाचणारे पण कमी झालेत. त्यात एका मित्राचं सिंगल येतंय आणि त्याला माझा रिव्ह्यू हवाय, आणि एकाने तर सरळ पैसे देऊ का म्हणून विचारलंय. जे जॉनर मला कळत नाहीत त्यांवर मी लिहूच नये का? ट्रॅकची लिंक सोबत देतोय. – एक थकलेला श्रोता"

मित्रा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते कारण तुझं घोडं तिथेच पेंड खातंय. जॉनर कळत नाही म्हणून लिहू नये असं अजिबात नाही. तुझी चूक अँबियंट न कळण्याची नव्हतीच रे, तू गाणं ऐकलं नव्हतंस. आणि गेले दोन महिने तू जे छान छान लिहितोयस ना, तेही न ऐकताच चाललंय, आधी न ऐकता नावं ठेवलीस, आता न ऐकता कौतुक करतोयस. मला तुला ओरडायचं नाहीये, खरंच नाही. आठवड्याला ५ गाणी, तीही ५ वेगळ्या घरची, ऐकून त्यावर धड काही लिहायचं हे दमवणारं काम आहे आणि ते करणारी माणसं फार थोडी आहेत. मोठ्या नावांवर लिहायला शंभर जण असतात, पण कोणीतरी झोपायच्या खोलीत गाद्या भिंतीला लावून रात्री रेकॉर्ड करतं आणि पहिलं गाणं सोडतं, तेव्हा त्यावर चार ओळी लिहिणारा कधीकधी तू एकटाच असतोस. म्हणून तर तुझ्या त्या चार ओळींची मला एवढी काळजी वाटते.

माझंही एकदा असं झालंय. एका बँडच्या सिंगलवर मी लिहिलं होतं की गायिकेचा आवाज मिक्समध्ये बुडालाय, गिटारच्या भिंतीमागे शब्दच कळत नाहीत, मिक्स करणाऱ्याने लक्ष द्यायला हवं होतं. गाणं शूगेझ होतं, रॉकचाच एक प्रकार. शूगेझमध्ये आवाज मुद्दाम मागे ठेवतात, तो गाणाऱ्याचा आवाज म्हणून नाही तर अजून एक वाद्य म्हणून वापरतात, हे तेव्हा मला माहीतच नव्हतं. त्या मुलीने शांतपणे लिहून कळवलं की आवाज किती मागे ठेवायचा हे ठरवायला आम्हाला तीन आठवडे लागले. तीन आठवडे! ज्या गोष्टीवर त्यांनी सगळ्यात जास्त जीव लावला होता तीच मी निष्काळजीपणा म्हणून मोजली. तो मेसेज मी अजून जपून ठेवलाय.

तेव्हापासून मी कुठलंही गाणं ऐकायला बसले की पहिला प्रश्न एकच विचारते, या गाण्याला काय करायचंय. मला आवडलं का हा प्रश्न नंतरचा, तोही येऊ दे, पण नंतर.

आता हाच प्रश्न घेऊन तुझ्या ढिगाऱ्यात शिरूया. डान्स ट्रॅक आला, सुरुवातीला अख्खं मिनिटभर नुसते ड्रम्स, रॉकवाल्या कानाला वाटतं हे काय, गाणं सुरू कधी होणार. पण तो भाग डीजेसाठी असतो, आधीचं गाणं संपता संपता हे त्यात मिसळायला त्याला मोकळी जागा लागते. हिशोब करून बघ, १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या ट्रॅकमध्ये ३२ बारचा इंट्रो (एका बारमध्ये ४ ठोके) म्हणजे १२८ ठोके, म्हणजे बरोब्बर १ मिनिट. हे एकदा कळलं की तू तो मिनिट कंटाळवाणा म्हणून लिहिणार नाहीस. पण त्या मिनिटात हायहॅट (ड्रम्समधली छोटी झांज) कधी आला, किक (खालचा जाड ठोका) एकदा तरी काढून परत टाकली का, ड्रॉपच्या, म्हणजे सगळं एकदम जोरात सुरू होतं त्या जागेच्या, आधी ताण नीट वाढवलाय का नुसताच आवाज वाढवलाय, हे तू लिहू शकतोस आणि हे लिहायला डीजे असायची गरज नाही, कान असले की झालं.

रॅपचं बघ. तिथे सूर शोधायला गेलास तर हाताला काही लागणार नाही. आवाज बीटच्या किंचित पुढे धावतोय की मागे रेलून बसलाय, यमक ओळीच्या शेवटीच पडतंय की मधेमधे पण लपवलंय, श्वास कुठे घेतलाय, हे ऐक. बरेच जण ओळ ओळ तोडून रेकॉर्ड करतात, पंच-इन म्हणतात त्याला, मग एका ओळीची शेपटी पुढच्या ओळीवर चढलेली ऐकू येते, काहींना ते शोभतं, गाण्याला घाई येते, आणि काहींच्या बाबतीत मात्र लगेच कळतं की हे स्टेजवर एका दमात म्हणता येणार नाही. आणि एक गोष्ट कायम तपास, बीट, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारं तयार संगीत, कोणाचा आहे. खूपसे बीट ऑनलाइन लीजवर घेतलेले असतात, म्हणजे तोच बीट अजून दहा जणांच्या गाण्यात असू शकतो, त्यामुळे "काय कल्पक बीट केलाय" म्हणून रॅपरची पाठ थोपटायच्या आधी क्रेडिट वाच, ज्याने तो केलाय त्याचं नाव लिही. हे आपण सगळेच विसरतो आणि त्या प्रोड्युसर मुलांवर फार अन्याय होतो.

मेटलमध्ये ग्रोलचे, म्हणजे गुरगुरत गायलेले शब्द कळले नाहीत ही तक्रार होऊच शकत नाही, लिरिक्स शोध आणि समोर ठेवून ऐक. तक्रार करायची तर डबल किक (दोन्ही पायांनी वाजवलेली किक) आणि गिटारचं पाम म्यूट (तळहाताने दाबून वाजवलेल्या तारा) एकमेकांवर घट्ट बसत नाहीयेत याची कर, ती खरी तक्रार आहे. लो-फायमध्ये, म्हणजे मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, टेपची खरखर ऐकू येणारच, ती मुद्दाम घातलेली असते. ऑटोट्यूनबद्दल, म्हणजे सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, लिहिताना पण जरा थांब. १९९७ पासून ते आहे आणि दोन वेगळ्या कामांसाठी वापरतात, एक म्हणजे सूर हळूच जागेवर आणायला, जे नीट केलं तर कळतच नाही, आणि दुसरं म्हणजे आवाज मुद्दाम मशीनसारखा कडक करायला. दुसऱ्या प्रकाराला "गाता येत नाही म्हणून लपवलंय" लिहिणं म्हणजे चित्रातला निळा घोडा बघून चित्रकाराला रंग कळत नाहीत म्हणण्यासारखं.

आणि तुझं अँबियंट. हे नाव रूढ केलं ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकाराने, १९७८ च्या सुमारास, आणि त्याचं म्हणणंच असं होतं की हे संगीत लक्ष देऊन ऐकता यायला हवं आणि लक्ष न देता पण. मग "काहीच घडत नाही" ही तक्रार कशी ठरेल सांग. घडायला नको असलेल्या गाण्यात घडत नाही. तिथे विचारायचा प्रश्न हा की ७ मिनिटं त्या आवाजात बसवतंय का, आणि मधे उठावंसं वाटलं तर नक्की कुठे वाटलं.

सगळं मान्य करून एक सांगते, गाण्याच्या हेतूने मोजायचं म्हणजे सगळं माफ नाही. उलट हे जास्त कडक आहे. नाचवायला आलेलं गाणं नाचवत नसेल, रडवायला आलेलं गाणं तिसऱ्या ओळीतच शब्दांची आतषबाजी करत असेल, तर ते लिहायलाच हवं, आणि आता तुझ्याकडे लिहायला आधार असतो.

ऐकायचं कसं, हे तू विचारलं नाहीस पण मला वाटतं मूळ दुखणं तिथेच आहे. २०१५ च्या १० जुलैपासून जगभर नवीन म्युझिक शुक्रवारी रिलीज व्हायला लागलं, त्यामुळे शुक्रवारी सकाळी तुझ्या पुढ्यात ढीग पडतो आणि तू शुक्रवारी रात्रीच पाचही संपवतोस, तुझ्या पोस्टच्या वेळा बघूनच कळतं. सोड ती घाई. सिंगल शनिवारी शिळं होत नाही. दोन-तीन आठवडे आधी फाइल पाठवा म्हणून सांगून ठेव, इंडी लोकं आनंदाने पाठवतात, आणि मग एक गाणं निदान तीनदा ऐक. पहिल्यांदा काहीही न लिहिता, फोन बाजूला ठेवून. दुसऱ्यांदा हेडफोनवर, हातात पेन घेऊन, आणि फक्त वेळा लिही, ०:४८ ला काय झालं, २:०५ ला काय झालं, मत नको, नुसतं काय झालं. तिसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी, चालताना नाहीतर भांडी घासताना, तेव्हा जे आपोआप गुणगुणलं जातं ते खरं हूक, म्हणजे गाण्याचा डोक्यात अडकणारा तुकडा, आर्टिस्टच्या मेलमध्ये हूक म्हणून लिहिलेलं असतं ते असेलच असं नाही.

फोनच्या स्पीकरवर ऐकून तर कधीच निकाल देऊ नकोस. १९८० साली रोलंड कंपनीचं टीआर-८०८ ड्रम मशीन आलं, त्याच्या किकवरून ज्याला आज सगळे एट-ओ-एट म्हणतात तो लांब घुमणारा बेस छोट्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही, म्हणजे तू अर्धं गाणं न ऐकताच पोकळ आहे म्हणून लिहून मोकळा.

व्हॉल्यूमचं पण असंच. तेच गाणं जरा मोठ्याने लावलं की जास्त चांगलं वाटतं, कारण हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि वरचा चकचकीत भाग कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. स्ट्रीमिंग ॲप्स सगळ्या गाण्यांचा आवाज साधारण एका पातळीला आणतात, स्पॉटिफायवर ती -१४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास असते, पण आर्टिस्टने तुला मेलवर पाठवलेल्या फाइलला कोणीच असं सपाट करत नाही. मग आधी एखादं दणदणीत मास्टर केलेलं, म्हणजे शेवटचा हात फिरवताना आवाज मोठा केलेलं, गाणं ऐकलंस आणि लगेच ही बिचारी हळू फाइल लावलीस की ती किरकोळ वाटणारच. आवाजाची कळ स्वतः फिरव आणि दोन्ही सारखी कर. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि याने कित्येक जणांवरचा अन्याय टळेल.

आता लिहिण्याबद्दल. तुझे गेल्या दोन महिन्यांतले रिव्ह्यू मी वाचले. एका मुलीच्या गिटार आणि आवाज अशा साध्या गाण्यावर तू लिहिलंयस, "सुंदर आवाज, मनाला भिडणारे शब्द, मस्त व्हाइब, नक्की ऐका." हे वाक्य तू त्या आठवड्यातल्या पाचपैकी कुठल्याही गाण्याला चिकटव, चिकटतं. मी ते गाणं शोधून ऐकलं. १:१२ ला ती "परत" हा शब्द अर्धा गिळते आणि श्वास न घेता पुढच्या ओळीत जाते, मग त्या ओळीच्या शेवटी श्वास पुरत नाही आणि आवाज थोडा फाटतो, आणि तिने तो टेक तसाच ठेवलाय. गिटारच्या तारेवरून बोट सरकतं तो चर्र आवाजही काढून टाकलेला नाही. हे लिहायचं! एवढंच लिहिलं असतंस तरी वाचणारा गाणं लावून १:१२ ची वाट बघत बसला असता, आणि त्या मुलीला कळलं असतं की कोणीतरी खरंच ऐकलंय. तिला "सुंदर आवाज" तिची मावशी पण म्हणते.

याच गाण्यात मला एक खटकलं पण, ब्रिजनंतर, म्हणजे मधल्या वेगळ्या चालीच्या भागानंतर, अचानक स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखे आवाज) येतात, कीबोर्डच्या, आणि ज्या फाटलेल्या आवाजावर आपण जीव टाकला तो झाकून टाकतात. हे मी लिहिलं असतं, बिनधास्त लिहिलं असतं, कारण हा पैशाचा प्रश्न नाही, निर्णयाचा आहे. हा फरक नीट लक्षात ठेव. खोलीचा घुमारा आवाजात आलाय, मास्टरिंग मोठ्या स्टुडिओसारखं नाही, खरे व्हायोलिनवाले परवडले नाहीत, हे सगळं पैशाचं दुःख आहे आणि त्यावरून बोलणं मला बरोबर वाटत नाही, गाणं ऐकणंच अशक्य झालं असेल तरच बोल. पण प्रोग्राम केलेल्या ड्रम्सचा प्रत्येक ठोका एकाच जोराचा आहे, किंवा चांगलं गाणं २:३० ला संपलेलं असताना अजून एक मिनिट तेच कोरस फिरवलंय, हे फुकटात सुधारता येतं, तिथे दया दाखवायची गरज नाही.

आणि रिव्ह्यूमध्ये मिक्सिंगचा क्लास घेऊ नकोस. रिव्ह्यू ऐकणाऱ्यासाठी असतो. ऐकणाऱ्याला २५० हर्ट्झला, म्हणजे खालच्या आवाजांच्या पट्ट्यात, गिचमीड झालीये याच्याशी काय देणंघेणं, त्याला सांग की बेस आणि किक एकमेकांना ढकलतायत आणि म्हणून गाणं जड पावलाने चालतं. आर्टिस्टने वेगळं विचारलं तर त्याला खाजगीत सांग, सविस्तर सांग, हर्ट्झसकट सांग.

स्टार देतोस ते बंद कर, माझं स्पष्ट मत आहे. रॅपला साडेतीन आणि अँबियंटला तीन याचा अर्थ काय लावायचा कोणी? एका गाण्यावरून माणसाचं भविष्य पण सांगू नकोस, "पुढचा मोठा स्टार" वगैरे. आजकाल बरेच जण ईपीमधली (चार-पाच गाण्यांच्या छोट्या अल्बममधली) गाणी एकेक करून सिंगल म्हणून सोडतात, तेव्हा आधी विचार तरी, हे एकटं आहे की मागून अजून येतायत.

तू म्हणशील पण वाईट गाण्याचं काय करू. प्रत्येक गाण्यावर लिहायलाच हवं असं कोणी सांगितलं? पहिलंच सिंगल आहे, मोजक्या मित्रांनी ऐकलंय, आणि गाणं जमलेलं नाही, तर लिहू नकोस, त्या गप्प बसण्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण ज्याचं नाव झालंय, ज्याला लोक ऐकणारच आहेत, त्याने कंटाळा करून टाकलेलं गाणं असेल तर तिथे मात्र लिही, कारण तिथे तुझं गप्प बसणं म्हणजे घाबरणं होईल. ५ चा आकडा पण तूच ठरवलायस ना? ३ कर. ३ गाणी तीनदा ऐकून होतात, ५ होत नाहीत हे तुलाही माहितीये.

मित्राचं सिंगल: रिव्ह्यू करू नकोस. त्याच्याशी गप्पा मारून ते छाप, गाणं कसं झालं, कुठे अडलं, कोणी काय वाजवलं, आणि पहिल्याच ओळीत लिही की हा माझा मित्र आहे. तो रुसेल कदाचित. रुसू दे, चार दिवसांत येईल. तू त्याचं खोटं कौतुक केलंस तर बाकी सगळ्यांचं खरं कौतुक पण त्याच भावात जाईल.

पैसे: नाही. यावर मी जास्त बोलत नाही. रेडिओवर गाणी वाजवायला गुपचूप पैसे देण्याचा प्रकार एवढा वाढला होता की अमेरिकेत १९६० मध्ये त्यावर कायदा करावा लागला, पेओला म्हणतात त्याला, आणि गुन्हा होता तो लपवण्याचा. तुला कोणाला मिक्सबद्दल सल्ला देऊन त्याचे पैसे घ्यायचे असतील तर घे, उघडपणे घे, मेहनत आहे तुझी, पण मग त्या गाण्यावर तू रिव्ह्यू लिहायचा नाही, कधीच. आणि ज्याने विचारलं त्याच्यावर चिडू नकोस. बहुतेक तो घाबरलेला आहे. स्पॉटिफायवर २०२४ पासून १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या ट्रॅकच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी सुरूच होत नाही, ३० सेकंदांच्या आत कोणी पुढे गेलं तर ते ऐकणं मोजत पण नाहीत, म्हणून तर हल्ली इंट्रो एवढे आखूड झालेत. अशा वेळी माणूस जे मिळेल त्याला हात घालतो. त्याला साधं लिही की पैसे नकोत, गाणं पाठव, ऐकेन पूर्ण, लिहीन की नाही ते ऐकल्यावर सांगेन.

राहिला तो अँबियंटवाला. त्याला तू अजून उत्तर दिलेलं नाहीस असं पत्रावरून वाटतंय, दोन महिने झाले रे. आज दे. मोठी माफी वगैरे नको, "नाही, २ मिनिटांनंतर बंद केला होता, आता पूर्ण ऐकून परत लिहितोय" एवढं पुरे. जुना रिव्ह्यू डिलीट करू नकोस, त्याच्यावरच लिही की हे मी अर्धवट ऐकून लिहिलं होतं, आणि खाली तारीख टाकून नवीन लिही. नवीन चांगलाच असायला हवा असं नाही हां. पूर्ण ऐकूनही नाही आवडला तर तसं लिही, तो माणूस ते घेईल, त्याने विचारलं होतं ते फक्त ऐकलात का एवढंच.

तू लिंक दिली होतीस म्हणून मी काल रात्री ऐकला, लाइट घालवून, आवाज बराच हळू ठेवून. पहिली ३-४ मिनिटं मला पण अवघड गेली. मग ४:२० च्या आसपास, खाली जो एक लांब सूर पहिल्यापासून धरून ठेवलाय ना, ज्याची एव्हाना एवढी सवय झालेली असते की तो आहे हेच विसरायला होतं, तो हळूच अर्धा स्वर खाली उतरतो. वर काहीच बदलत नाही, वरचे तेच तीन स्वर तसेच फिरत राहतात, पण खालची जमीन सरकल्यामुळे ते एकदम वेगळेच वाटायला लागतात, मघाशी शांत होते ते आता कोणाची तरी वाट बघतायत असं वाटतं. ६:१० ला तो सूर परत वर येतो. हे तुझ्या त्या २ मिनिटांत येणारच नव्हतं. आज रात्री ऐक, हेडफोन लावून, आणि मग लिहायला बस.